सावली दक्षिणेला पडते तेव्हा

बेळगावात घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा मध्यान्ह झालेली नसते, आणि हे वर्षातल्या कोणत्याही दिवशी खरे असते. आपली घड्याळे ज्या रेखांशावरून लावली जातात तो ८२.५ अंशांचा रेखांश पार उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जातो. बेळगाव त्याच्या पश्चिमेला, साडेचौऱ्याहत्तर अंशांवर आहे. पृथ्वीला स्वतःभोवती एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे आठ अंशांच्या या अंतरापोटी सूर्य आपल्याकडे सरासरी बत्तीस मिनिटे उशिराने माथ्यावर येतो. सरासरी म्हणण्याचे कारण असे, की नोव्हेंबरच्या आरंभी तो सव्वाबारालाच मध्यावर पोहोचतो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊण वाजायला येईपर्यंत ताटकळत ठेवतो. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट असल्यामुळे तिचा वेग वर्षभर एकसारखा राहत नाही, त्यात तिचा आस कललेला, आणि या दोहोंच्या ओढाताणीत मध्यान्हीची वेळ मागेपुढे होत राहते. घरातली वडीलधारी माणसे घड्याळाकडे न बघता ऊन बघून जेवायला बसत, तेव्हा साधारण साडेबारा झालेले असत. आमच्या गावापुरते तरी तेच बरोबर होते.

हे पडताळायला दुर्बीण लागत नाही. आमच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेला आधार म्हणून रोवलेला एक सहा फुटी लोखंडी खांब आहे, आणि खगोलशास्त्राचे माझे सगळे शिक्षण बहुतांशी त्याच्याच पायथ्याशी झाले आहे. बाराच्या सुमारास खांबाच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी, दहा-दहा मिनिटांनी पुढच्या खुणा कराव्यात, आणि सावली आखडता आखडता ज्या खुणेनंतर पुन्हा लांबू लागते ती खूण मध्यान्हीची समजावी. तिथून खांबाच्या बुंध्यापर्यंत ओढलेली रेघ अचूक उत्तर-दक्षिण असते. माझ्या रेघेने एवढे मात्र सिद्ध केले आहे, की ज्या घराला गल्लीतले सगळे पूर्वाभिमुख म्हणतात ते चांगलेच आग्नेयेकडे वळलेले आहे. वास्तुशास्त्राचा हवाला देऊन ते घर विकत घेणाऱ्यांना ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला या खांबाची मध्यान्हीची सावली उत्तरेला जवळजवळ पाच फूट पडते. मार्चच्या २०-२१ तारखेला, दिवस आणि रात्र सारखी होते तेव्हा, ती वीस इंचांवर येते. एप्रिलभर ती बुंध्याकडे सरकत राहते, आणि मे महिन्याच्या तीन-चार तारखेला, साडेबाराच्या एखाद-दुसरे मिनिट अलीकडे, नाहीशी होते. खांब जिथल्या तिथे उभा, ऊन रणरणते, आणि जमिनीवर सावलीचा मागमूस नाही. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे हा प्रसंग फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो, आणि तोही वर्षातून दोनदाच. दिल्लीकरांना तो कधीच दिसत नाही. राजधानीत नाही आणि आपल्या परड्यात आहे, अशा गोष्टी मोजक्याच असल्यामुळे मला तिचे जरा जास्तच अप्रूप आहे.

हा माथ्यावरचा सूर्य गावागणिक पुढे सरकत असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तो दिवसाला सुमारे तीस किलोमीटर या चालीने उत्तरेकडे जातो. खानापुरात तो आमच्या आधी माथ्यावर येतो, निपाणीला पोहोचायला त्याला आमच्यानंतर दोन दिवस लागतात, आणि सातव्या तारखेच्या आसपास अथणी आणि कोल्हापूर या दोन्ही गावांत जवळपास एकाच दिवशी खांबांच्या सावल्या नाहीशा होतात. आमच्याकडे कोणते गाव कोणत्या राज्यात असावे यावर दोन पिढ्यांची आयुष्ये खर्ची पडली. सूर्य मात्र केवळ अक्षांश पाहतो.

त्यानंतर जे होते त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सूर्य माथा ओलांडून उत्तरेला जातो आणि मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडू लागते. शेजारच्या काकू दर उन्हाळ्यात सांडगे घालतात. एके वर्षी मेच्या मध्यावर त्यांनी सांडग्यांचे सूप दक्षिणेकडच्या भिंतीलगत ठेवले होते, आणि भर दुपारी ते सावलीत पाहून त्या मला म्हणाल्या, "पौषात हितंच दिवसभर ऊन असतंय, मग आता काय झालं त्याला? ऊन फिरलंय की हो!" ऊन खरोखरच फिरले होते. पौषात सूर्य दक्षिणेला इतका झुकलेला असतो की दुपारचे ऊन त्या भिंतीच्या पायापर्यंत पोहोचते. मेमध्ये तो बरोबर डोक्यावर किंवा किंचित पलीकडे असतो, त्यामुळे कौलांची पुढे आलेली वळचणच भिंतीलगतचा पट्टा झाकून टाकते. मी हे सारे समजावून सांगेपर्यंत त्यांनी सूप उचलून गच्चीवर नेले होते, आणि सांडग्यांच्या दृष्टीने तेच योग्य होते.

२१ जूनला दक्षिणेकडची ही सावली सर्वांत लांब, म्हणजे जेमतेम दहा इंचांची होते. पण ती पाहायची कोणी? सात-आठ जूनला मृग नक्षत्र लागते आणि आभाळ भरून येऊ लागते. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्राच्या तारकांच्या दिशेला आला, आणि म्हणूनच मृगाच्या पावसात रात्री आकाश मोकळे झाले तरी मृग दिसत नाही. तो दिवसा सूर्याबरोबर उगवून त्याच्याबरोबरच मावळलेला असतो. ज्याच्या नावाने शेतकरी पेरणीचा हिशेब करतो ते नक्षत्र नीट बघायचे असेल, तर भाताची मळणी आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पूर्वेकडे नजर टाकावी लागते. परतीच्या वाटेवरचा सूर्य आठ-नऊ ऑगस्टला पुन्हा बेळगावच्या माथ्यावर येतो, परंतु त्या सुमारास आमच्याकडे अशी झड लागलेली असते की सावलीच काय, समोरच्या घराचे छप्परही धड दिसत नाही. सूर्य माथ्यावर असताना स्वेटर घालून बसणारी गावे फार नसावीत.

अंतराचा आणि उकाड्याचा संबंध नसतो, हेही इथेच कळते. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब, म्हणजे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर जाते ती जुलैच्या आरंभी, आणि सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाखांवर येते ती जानेवारीच्या आरंभी, जेव्हा आम्ही पहाटे शेकोटीभोवती बसलेलो असतो.

संक्रांतीचेही तसेच आहे. १४ किंवा १५ जानेवारीला उत्तरायण सुरू झाले असे मानून आपण तिळगूळ वाटतो, पण तोवर खांबाची सावली तिच्या कमाल लांबीपेक्षा चार-साडेचार इंचांनी आखडलेली असते. उत्तरायण तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झालेले असते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, त्याचा एक फेरा सुमारे २६ हजार वर्षांत पुरा होतो, आणि त्यामुळे तारकांवरून मोजलेली मकर रास आणि ऋतूंवरून मोजलेले उत्तरायण यांत साधारण ७२ वर्षांना एक दिवस या हिशेबाने अंतर पडत जाते; ते अंशांत मोजले की त्याला अयनांश म्हणतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. यावरून कोणी सण पुढेमागे करावा असे माझे म्हणणे नाही. तिळगूळ कोणत्याही अयनांशाला गोडच लागतो.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने याच दुपारच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. सायीनी (आजचे आस्वान) गावच्या विहिरीत सूर्य तळापर्यंत पोहोचतो त्या दुपारी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात तो माथ्यापासून सात अंशांहून थोडा जास्त ढळलेला असतो, हा कोन आणि दोन गावांमधले अंतर एवढ्यावर त्याचे काम भागले. आमच्या भागातल्या कुटुंबांना ते आणखी सोपे आहे, कारण प्रत्येकाचे कोणी ना कोणी पुण्यात असते आणि पुणे जवळजवळ आमच्याच रेखांशावर, उत्तरेला सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. चार मेच्या मध्यान्हीला इथे सावली नाहीशी झालेली असताना पुण्यातल्या सहा फुटी खांबाची सावली साडेतीन इंचांच्या जरा आत भरायला हवी. तो कोन होतो पावणेतीन अंशांच्या किंचित खाली; ३६० ला त्याने भागून ३०० ने गुणले की उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येते, जे खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. अडचण एवढीच, की सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीची कड पुसट असते, आणि एवढ्याशा सावलीत पाव इंच इकडे-तिकडे झाला तर पृथ्वी तीन हजार किलोमीटरने लहान-मोठी होते. म्हणून पुण्याच्या पाहुण्यांनी कपड्यांच्या खांबावर न थांबता दहा-बारा फुटी सरळ वासा ओळंबा लावून उभा करावा, आणि मोजायला शिंप्याच्या नव्हे, सुताराच्या टेपचा वापर करावा.