जलतरंग लावताना: आधी वाटी, मग पाणी

जलतरंग मांडलेला दिसला की सगळ्यांची नजर पाण्यावर जाते. कुठल्या वाटीत किती पाणी, कुणी कसं मोजलं, हेच पहिले प्रश्न. खरं तर वाटीचा सूर भट्टीतून निघतानाच ठरलेला असतो. पाणी तो फक्त खाली उतरवतं, आणि तेही थोडंसंच. वाट्या चुकीच्या निवडल्या तर पाण्याने कितीही खटपट केली तरी वाद्य सुरात येत नाही. म्हणून या लेखात बाजारातल्या निवडीला जास्त जागा दिली आहे, वाजवण्याला कमी.

वाटीवर कांडी पडली की काठ थरथरतो. वाटी लहान आणि जाड असेल तर सूर उंच, मोठी आणि पातळ असेल तर खालचा. पाणी भरलं की थरथरणाऱ्या भिंतीवर ओझं वाढतं आणि सूर उतरतो. सौंदत्तीच्या वाटेवर जोगत्यांच्या हातातलं चौंडकं (तातीचं, म्हणजे तंतूचं वाद्य) ऐकलं असेल, तर तिथे तातीचा ताण वाढवला की सूर चढतो. इथे ताणाचा संबंध नाही, सगळा खेळ ओझ्याचा आहे. पाण्याने सूर चढत नाही, कधीच नाही. चढवायचा असेल तर पाणी काढायचं, आणि वाटी कोरडी झाली की पुढचा रस्ता बंद.

हे ओझं सगळीकडे सारखं काम करत नाही. वाटीचा तळ जवळपास हलतच नाही, सगळी हालचाल काठाकडे. त्यामुळे खालच्या तिसऱ्या हिश्शात चमचे ओतत बसलात तरी कानाला फरक कळत नाही. नवशिका इथेच गोंधळतो, ‘वाटी बदलत नाही’ म्हणत पाणी ओततो आणि मग पाणी वर आल्यावर एकाच चमच्यात सूर एकदम ढासळतो. काठाजवळ तर दहा-बारा थेंबही ऐकू येतात. सोयीची जागा म्हणजे अर्ध्यापासून पाऊण वाटीपर्यंत. त्याच्या वर सूर बद्द होतो, नाद लवकर मरतो आणि ठोक्यासरशी पाणी बाहेर उडतं.

यावरून खरेदीचा नियम निघतो. ज्या सुरासाठी वाटी घ्यायची, त्यापेक्षा कोरड्या वाटीचा सूर एक ते तीन अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) वर असावा. बरोब्बर त्याच सुराची वाटी मिळाली म्हणून हरखून जाऊ नका. पेटी थोडी चढी निघाली की ती वाटी निकामी.

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली परिसरातल्या भांड्यांच्या दुकानांत चिनी मातीच्या वाट्या मिळतात, पण सेट म्हणून घेऊ नयेत. सहा वाट्यांचा सेट म्हणजे एकाच मापाच्या सहा वाट्या. त्यांचे सूर जवळजवळ सारखेच असतात, वर ‘जवळजवळ’ असल्यामुळे शेजारी ठेवल्या की कानाला टोचतात. सुट्ट्या वाट्या मागाव्यात. तोंडाचा व्यास साधारण ४ इंचांपासून ७-८ इंचांपर्यंत, दर खेपेला थोडा थोडा चढता. दुकानदार मराठी बोलो की कन्नड, टिचकी मारून बघू का, एवढं आधी विचारून घ्यावं.

तपासायची पद्धत अशी. वाटी डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर तिच्या बैठकीपाशी तोलून धरायची, तळव्याला टेकू द्यायची नाही. उजव्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारायची आणि कान जवळ नेऊन नाद पूर्ण विझेपर्यंत ऐकायचा. खणखणीत, एकसंध, दोन-तीन सेकंद रेंगाळणारा नाद हवा. ‘खट्’ असा तुटका आवाज आला तर तडा आहे. तो डोळ्याला दिसत नसला तरी पाणी भरल्यावर दोन-चार दिवसांत दिसू लागतो. मेलामाइनकडे वळूही नका, त्यात नादच नसतो. स्टीलची वाटी खूप वेळ वाजते, पण तिचे वरचे स्वर (मूळ सुराबरोबर उठणारे उपस्वर) इतके कर्कश असतात की मूळ सूर शोधावा लागतो. बोन चायना महाग पडते. मधल्या आणि वरच्या वाट्यांसाठी मात्र पैसे वसूल.

आपल्या भागात खानापूरची कुंभारकाम परंपरा मोठी, तिथे केंद्रीय ग्रामीण कुंभारकला संस्थाही आहे. त्यामुळे ‘खानापुरी मातीच्या वाट्या का नकोत?’ हा प्रश्न येतोच. कमी तापमानात भाजलेली, झिलई नसलेली माती सच्छिद्र असते. ती आवाज गिळते आणि पाणीही पिते. सकाळी लावलेली वाटी दुपारी वेगळी बोलते, कारण पाणी भांड्यातून भिंतीत गेलेलं असतं. जास्त तापमानात भाजलेलं, आतून-बाहेरून झिलई दिलेलं भांडं मिळालं तर टिचकी जरूर मारून पाहावी, खालच्या सुरांसाठी एखादं चांगलं निघू शकतं.

आता एक दोष, जो दुकानात ओळखता आला तर पुढचा सगळा त्रास वाचतो. काही वाट्यांचा सूर थरथरतो, ‘वँव-वँव’ असा हेलकावतो. अशा वाटीत एक नाही, दोन सूर असतात, अगदी जवळजवळचे. घरचा चहाचा कप घ्या. कानाच्या बरोबर समोर काठावर चमच्याने हलकेच वाजवा. मग तिथून अष्टमांश फेरा, म्हणजे ४५ अंश, सरकून वाजवा. दुसरा आवाज थोडा चढा येतो. काठ थरथरताना चार जागी जास्तीत जास्त हलतो आणि त्यांच्या मधल्या चार जागी स्थिर राहतो. कपाचा कान हलणाऱ्या जागी आला तर ओझ्यामुळे सूर उतरतो, स्थिर जागी आला तर त्याचं ओझं लागत नाही. वाटीला कान नसतो, पण तिची एक बाजू किंचित जाड असली की हेच घडतं. दोन्ही सूर एकदम उठले की हेलकावा. अशी वाटी टाकून द्यायलाच हवी असं नाही. ती हळूहळू फिरवत काठावर वाजवत जायचं, एका जागी हेलकावा थांबतो आणि एकच सूर राहतो. तिथे बाहेरून पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि मांडताना ती खूण आपल्याकडे ठेवायची. अनुभवी वादकाच्या वाट्या नीट बघा, त्या उगाच कशाही ठेवलेल्या नसतात.

वाट्या किती? ‘संगीतसार’ या जुन्या ग्रंथाने २२ वाट्यांचा जलतरंग पूर्ण आणि १५ वाट्यांचा मध्यम मानला. सुरुवातीला आठ पुरेत. भूप राग घ्या: मंद्रातले (खालच्या सप्तकातले) प, ध, मग सा, रे, ग, प, ध आणि तार सा. मोजून आठ. भूपात शेजारच्या सुरांमध्ये अंतर असल्यामुळे कांडी चुकून दुसऱ्या वाटीला लागली तरी अर्धस्वराची टक्कर होत नाही.

याच आठ वाट्यांवर पाण्याची हद्द छान कळते. भूपाचा शिवरंजनी करायचा तर फक्त गंधार कोमल करायचा, म्हणजे अर्धा स्वर खाली. ग च्या वाटीत चमच्याने पाणी घालत जा, काम झालं. तोच दुर्गा करायचा तर ग चा म हवा, म्हणजे अर्धा स्वर वर. वाटीत काढण्याजोगं पुरेसं पाणी असेल तरच जमेल. म्हणून ग ची वाटी निवडतानाच तिचा कोरडा सूर मध्यमाच्याही वर आहे ना, ते बघून घ्यावं. हंसध्वनीसाठी ध चा शुद्ध नी करायचा तर पूर्ण स्वर चढायचा आहे. तिथे पाण्याशी झुंजू नये, दोन्ही ध उचलून नी च्या दोन वाट्या ठेवाव्यात. बरेच वादक मैफलीत मधल्या वेळेत वाट्या बदलतात ते यासाठीच.

मांडणी अर्धवर्तुळात, मोठी वाटी डावीकडे. खाली पातळ फोम किंवा दुहेरी घडीची सतरंजी. बैठकीपाशी वाटी फारशी हलत नाही, त्यामुळे मऊ आधाराने नाद मरत नाही. उघड्या लाकडी पाटावर मात्र ती किणकिणते. दोन वाट्यांमध्ये निदान अर्धा इंच जागा ठेवा, टेकल्या की झणझण सुरू होते आणि दोष कुठल्या वाटीत आहे ते सापडत नाही.

पाणी आदल्या रात्री भरून ठेवलेलं घ्यावं. नळाचं ताजं पाणी, राकसकोप धरणाचं असो की हिडकलच्या, ओतल्यावर भिंतीला बारीक बुडबुडे धरतं. हे बुडबुडे नाद खाऊन टाकतात, चांगली वाटीही फुटकी वाटते. तसे दिसले तर बोटाने भिंत पुसून घ्या आणि पुन्हा ऐका. बोअरचं पाणी जड असतं, ते वाळलं की आत पांढरी रेघ उमटते. सुरावर त्याचा परिणाम फारसा नाही, पण झिलई खरखरीत होते आणि पुढे बुडबुडे तिथेच अडकतात. ओतायला साधा चहाचा चमचा, शेवटच्या थेंबांसाठी सुई काढलेली ५ मिलीची इंजेक्शनची सिरिंज. तिने पाणी घालता येतं तसं ओढूनही घेता येतं.

सूर आधी पेटीवर लावावा, मग तानपुऱ्यावर तपासावा. लहान वाट्या बऱ्याच उंच बोलतात, म्हणून पेटीच्या वरच्या सप्तकाशी ताडून बघा, नाहीतर सप्तकाची चूक होते. मोबाईलवरचे ट्यूनर चालतात, पण ठोका पडल्याबरोबर आकडा वाचू नये. वाटीचे वरचे स्वर तारेसारखे मूळ सुराच्या पटीत नसतात, त्यामुळे पहिल्या क्षणी यंत्र भलताच स्वर दाखवतं. अर्धा सेकंद थांबलं की वरचे स्वर विझतात आणि मूळ उरतो. आधी सा आणि प, मग तार सा, मग बाकीचे. सगळं लागल्यावर पुन्हा सा पासून फेरी मारावीच लागते.

हवा इथे मोठी भागीदार. जुलै-ऑगस्टात बेळगाव-खानापूरकडे हवा इतकी ओली असते की पाणी उडत नाही, दोन तास सूर जागचा हलत नाही. एप्रिलमध्ये, पंखे चालू असलेल्या सभागृहात आणि दिव्यांच्या झोतात, पाणी हळूहळू कमी होतं आणि सूर चढत जातात. लहान वाट्या आधी चढतात, कारण त्यांच्यात पाणीच थोडं. म्हणून तार सप्तक आधी तपासायचं. गणेशोत्सवाच्या मंडपात पंखा थेट वाट्यांवर सोडलेला असेल तर तो फिरवून घ्या. पाण्यावर लाटा उठल्या की सूरही डुलतो.

कांड्या हलक्या, बांबूच्या किंवा बारीक लाकडाच्या. जड कांडीने आवाज मोठा होत नाही, फक्त कर्कश होतो, आणि काठाचा टवका उडतो. ठोका मनगटातून, काठाला शिवताक्षणी उचललेला. कांडी क्षणभर जरी टेकून राहिली तरी नाद दाबला जातो. ठोक्यानंतर कांडीचं टोक पाण्याला हलकेच लावून फिरवलं की सूर किंचित लहरतो. मींडेची (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) आठवण करून देणारी ही एवढीच सोय या वाद्यात आहे.

त्यामुळे राग निवडताना वाद्याचा स्वभाव ओळखावा. भूप, दुर्गा, हंसध्वनी, पहाडीतली धून, जलद गत (तालात बांधलेली वाद्यरचना) आणि ‘झाला’ (शेवटचं अतिद्रुत वादन) इथे खुलतात. दरबारीचा आंदोलित, म्हणजे संथ डुलणारा गंधार जलतरंगावर मागू नये. पुण्याचे जलतरंगवादक मिलिंद तुळाणकर ऐकताना डोळे मिटून फक्त द्रुत झाल्याकडे लक्ष द्या. वाट्यांचे नाद एकमेकांत मिसळतात तरी प्रत्येक ठोका सुटा कळतो. दाक्षिणात्य पद्धतीत सीता दोराईस्वामी (१९२६–२०१३) यांनी हे वाद्य वाजवलं. गमकांवर, म्हणजे सूर हलवण्या-डुलवण्यावर उभ्या असलेल्या संगीतात ठोक्याचं वाद्य घेणं किती अवघड, हे वरचं सगळं वाचल्यावर लक्षात येईल.

वाटीचं महत्त्व सगळ्यात पक्कं ओळखलं ते बेंजामिन फ्रँकलिनने. पाण्याने लावलेले काचेचे पेले बोटाने घासून वाजवताना त्याने ऐकले आणि १७६१ मध्ये पाणीच काढून टाकलं. ३७ काचेच्या वाट्या एकीत एक बसवून लोखंडी दांड्यावर ओवल्या, पायाने दांडा फिरवायचा आणि ओल्या बोटांनी काठ छेडायचे. सर्वांत मोठी वाटी ९ इंचांची, सर्वांत लहान ३ इंचांची. सूर चढा असेल तर तो काच मानेपासून काठाकडे घासून उतरवी, आणि फारच उतरला तर काठ घासून चढवी. पाण्याला जे कधीच जमत नाही ते त्याने घासण्याने साधलं. मोझार्टने १७९१ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, मारियाने किर्शगेसनर या अंध वादिकेसाठी या वाद्याला बासरी, ओबो, व्हायोला आणि चेलो यांची जोड देऊन एक रचना केली. तिचा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक के. ६१७ असा शोधला की ध्वनिमुद्रणं मिळतात. संथ भागात सूर कुठून सुरू झाला ते कळत नाही, कारण ठोकाच नाही. लगेच जलतरंगाचा झाला लावून ऐका. भांडं तेच, एकदा घासलेलं, एकदा ठोकलेलं.

कार्यक्रमाला मायक्रोफोन वाट्यांच्या वर दीड फुटाच्या आसपास, शक्यतो दोन, डाव्या आणि उजव्या अंगाला. एकच मधोमध ठेवला तर कडेच्या वाट्या हरवतात. काठाच्या फार जवळ नेला तर कांडीची टकटक जास्त येते आणि नाद कमी. तबल्याचा दायाँ चढ्या पट्टीचा, हात हलका. कार्यक्रम संपल्यावर वाट्या भरलेल्या नेऊ नयेत. रिकाम्या करून, पुसून, प्रत्येकीत जाड कापडाचा तुकडा घालून एकीत एक ठेवाव्यात, आणि पेन्सिलीची खूण पुसली गेली असेल तर ती घरी पोचल्यावर लगेच पुन्हा करून ठेवावी.