शीड गच्चीवर

पुसेगावच्या यात्रेत बैल घ्यायचा म्हटलं की आमचे आजोबा आधी त्याचे दात बघायचे. आदत आहे की दोनदाती, चौसा की जुळलेला. व्यापाऱ्यानं शिंगं रंगवून, अंगावर झूल घालून किती का सजवलेला असेना, आजोबांची नजर तोंडातच. जुनी शिडाची बोट बघायला निघालो तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. पण मी झूल बघत बसलो.

मुंबईत नोकरीला असताना शीड चालवायला शिकलो होतो. साताऱ्याला परत आल्यावर तापोळ्याला, बामणोलीला जाऊन मोटरबोटीत बसायचो, पण त्यात काही मन रमेना. घरच्यांना घेऊन समुद्रावर दोन रात्री काढता येतील अशी बोट मला हवी होती. रायगडातल्या एका खाडीवर 26 फुटी फायबरची बोट विकायची आहे असं कळलं. पावसाळ्यासाठी ती पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवली होती. सप्टेंबरात आंबेनळी घाट उतरून आम्ही गेलो. बायको, मुलगी आणि आमचे नाना. नाना आयुष्यभर व्यापारी जहाजांवर इंजिनिअर, आता वाईला असतात.

बोट पांढरीशुभ्र, आत नव्या गाद्या, चकचकीत लाकूड. मी तिथंच पाघळलो. नानांनी खिशातून प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि मुठीनं डेक ठोकायला सुरुवात केली. गवंडी फरशी वाजवून बघतो ना, अगदी तसं. टक, टक, टक आणि डोलकाठीच्या तारा जिथं धातूच्या पट्टीनं डेकला धरल्या होत्या तिथं एकदम 'बद'. "ऐकलंस?" वरचा आणि खालचा थर फायबरचा, मध्ये लाकडाचं सारण. पट्टीच्या भोकातून पाणी झिरपून ते कुजलं होतं. तळहाताएवढी जागा, पण सगळी डोलकाठी त्याच पट्टीच्या जिवावर उभी.

मग खाली. पाण्यात बुडणाऱ्या भागावर वाटाण्याएवढे सात-आठ फोड होते. एक टोचल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला. याला ऑस्मोसिस म्हणतात, फायबरच्या थरांत पाणी मुरल्याची खूण. नाना म्हणाले, "एवढ्यानं मरत न्हाई ती. भाव पाडायला मात्र कामाला येतंय." त्यांनी जास्त वेळ घालवला तो कीलपाशी. कील म्हणजे बोटीखालचा टनभर वजनाचा लोखंडी पंखा, वारा कलंडवायला लागला की हाच बोटीला सावरतो. तो आणि बोट यांच्या सांध्यावर गंजाचा ओघळ आहे का, हे त्यांनी टॉर्च लावून इंच इंच बघितलं. नव्हता. मग आत जाऊन तळातल्या फळ्या उचलल्या आणि कीलच्या बोल्टांवरून हाताचं बोट फिरवलं. तिथंही कोरडं. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

बायकोची तपासणी वेगळीच. संडासाचं दार लागतं का, उभं राहून कपडे बदलता येतात का, चहा ठेवला तर भांडं घसरणार नाही ना. दार लागत नव्हतं. आणि संडासाच्या पाइपची पाणी बंद करायची झडप जागेवरून हलेना. तिच्या पितळेवर गुलाबी छटा आली होती. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते भुसभुशीत तांबं. ही झडप तुटली तर तळाला भोकच. म्हणजे बोट बुडवणारी गोष्ट सापडली ती दाराच्या कडीमुळे.

नोव्हेंबरात बोट पाण्यात उतरल्यावर पुन्हा गेलो. पोचल्या पोचल्या नानांनी इंजिनावर हात ठेवला. कोमट! मालकानं आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलं होतं. थंड इंजिन पटकन धरतं का, हेच तर बघायचं असतं. नाना शांतपणे म्हणाले, "जेवून येऊ आपण," आणि आम्ही तीन तासांनी परतलो. सुरू व्हायला वेळ लागला, पांढरट धूर आला आणि थोड्या वेळानं विरला. तेलात दुधट रंग नव्हता, एक्झॉस्टमधून पाणीही नीट येत होतं. शीड चढवल्यावर मुलीनं सुकाणू धरलं आणि पाऊण तास कुणाला दिलं नाही.

कागदपत्रांत महिना गेला. बोट परदेशी बनावटीची, त्यामुळे कस्टम ड्युटी भरल्याचा पुरावा हाती आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, हे नानांनी बजावलं होतं. डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांनी बदलायचा प्रघात, या त्याहून जुन्या. तारा, झडपा आणि डेक मिळून दोन लाख किमतीतून तोडले. मालक कुरकुरला, पण तयार झाला. शिवाय बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी तिच्यावरच जातात असा ढोबळ हिशेब सांगतात. आमचे पहिल्याच वर्षी जास्त गेले.

एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बोटीला साडेचार फूट पाणी लागतं आणि आमच्या खाडीत ओहोटीला तेवढं नसतं. तिथल्या तांडेलानं भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायला शिकवलं. अष्टमीला साधारण सहाला भरती, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. आता सातारी घरात सहलीचा बेत कालनिर्णय बघून ठरतो आणि तिथी चुकली की घाट उतरून गाळ बघत बसावं लागतं. जानेवारीत एकदा बसलोय.

पावसाळ्याआधी बोट पुन्हा ठोकळ्यांवर चढवली आणि मोठं शीड धुवायला घरी आणलं. मीठ राहिलं तर कापड आणि शिवण खराब होते. गोड्या पाण्यानं धुऊन गच्चीवर पसरलं. अजिंक्यताऱ्याकडून वारा आला की ते फुगायचं आणि तिन्ही कोपऱ्यांवर ठेवलेल्या विटा हलायच्या. समोरच्या काकूंनी खालून हाक मारली, "अहो, मांडव घातलाय होय? कुणाचं लगीन?"