वरची मूठ

अमेरिकेतल्या मुलाकडं निघालेल्या आई-वडिलांचे प्रश्न ठरलेले. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत टाकायची की हातातल्या, मधल्या विमानतळावर कुणी वाट दाखवतं का, गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी लागते का. बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या ऑफिसात तिकीट, व्हिसाचे फॉर्म, विमा असं सगळं उरकतं. काका कागद पिशवीत भरायला लागतात, आणि तेवढ्यात काकू खुर्ची पुढं ओढून, आवाज उतरवून विचारतात, "ताई, तिकडं टिप किती द्यायची असते हो?"

मी म्हणते, सुरुवात व्हीलचेअरपासून करा. आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ नागरिक गुडघे ठणठणीत असले तरी व्हीलचेअर मागतात. खुर्चीत बसलं की गेट चुकायची भीती नाही, आणि इंग्रजीची परीक्षा ढकलणारा देतो. या सोयीला विमान कंपनी पैसे लावत नाही. पण अमेरिकेत खुर्ची ढकलणाऱ्याचा पगार बेताचाच असतो. इमिग्रेशनच्या रांगेपासून मुलगा दिसेपर्यंत तो तुमच्या बॅगांसकट चालतो, तर निरोप घेताना त्याच्या हातावर चार-पाच डॉलर ठेवायची तिकडं रीत आहे. हे ऐकल्यावर काका पुन्हा खुर्चीत बसतात. ओठ हलतात. पाच गुणिले डॉलरचा आजचा भाव.

"चारशेच्या वर गेले की! खुर्ची ढकलायला?"

हा गुणाकार हाच खरा रोग. यावर माझ्याकडं औषध नाही. मी एवढंच सांगते, की मनी चेंजर शंभराच्या नोटा पुढं करील, त्यातल्या थोड्या एक आणि पाच डॉलरच्या मागून घ्या. त्याच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. शंभराची नोट धरून कुणाला टिप देता येत नाही, आणि 'सुट्टे आहेत का' असं टिप घेणाऱ्यालाच विचारणं तर फारच वाईट दिसतं.

आपली माणसं कंजूष म्हणून अडखळतात, असं मला वाटत नाही. आपलं गणित उलट्या दिशेनं पक्कं झालेलं असतं. गणपत गल्लीत येळ्ळूर-कडोलीच्या मावशी भाजी घेऊन बसतात. पालेभाजीच्या जुडीबरोबर वर मूठभर कोथिंबीर टाकली नाही, तर गिऱ्हाईक हलतं का? पाणीपुरीची प्लेट संपल्यावर मिळणारी सुकी पुरी हा तर घटनादत्त हक्क. दूधवाल्यानं माप भरल्यावर भांड्यात एक धार वर सोडायची. म्हणजे विकणाऱ्यानं घेणाऱ्याला वर काहीतरी द्यायचं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. घेणाऱ्यानं बिल पुरं चुकतं करून विकणाऱ्याच्या माणसाला वर द्यायचं म्हटलं, की डोकं गरगरतं.

देत नव्हतो असंही नाही. माझ्या आजोबांच्या वेळी येळ्ळूरला बासमतीची सुगी झाली, की न्हावी, सुतार, लोहार खळ्यावर यायचे. वर्षाचं बैतं, म्हणजे कामाबद्दलचं धान्य, मापून व्हायचं, आणि माप संपल्यावर आजोबा राशीत हात घालून एक पसा वर टाकायचे. दिवाळीची पोस्त अजून चालू आहे. पेपर टाकणारा पोरगा, पोस्टमन, लाईट गेल्यावर रात्री खांबावर चढणारा लाईनमन. यातलं कुठलंच रोजचं देणं नव्हे, आणि टक्क्यांत तर मुळीच नव्हे. पण माणूस ओळखीचा असतो. त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय हे माहीत असतं. परदेशात ज्याला टिप द्यायची, तो जन्मात पुन्हा दिसणार नसतो, आणि तरी त्याला बिलाच्या वीस टक्के द्यायचे म्हणतात.

वीस टक्के का, हे कळलं की जरा सोपं जातं. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची रोख मजुरी केंद्रीय कायद्यानं तासाला २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७.२५ डॉलर. मधली दरी टिपेनं भरून निघेल, असं कायदा गृहीत धरतो; नाहीच भरली तर मालकानं भरायची. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडा अशी काही राज्यं ही सवलत मालकाला देत नाहीत, पण टिप तिथंही सुटलेली नाही. म्हणजे आपण बक्षिसी देतोय असं समजून पाकीट उघडतो, आणि प्रत्यक्षात पगारपत्रकावर सही करत असतो.

ही तऱ्हा रुजली तिला एक काळी बाजूही आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांवर पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. १९२५ मध्ये त्या पोर्टरांनी आपली संघटना काढली आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. त्याच्या आधी, गंमत म्हणजे, टिप हीच लोकशाहीविरोधी, सरंजामी चाल आहे म्हणून काही राज्यांनी तिच्यावर बंदी घातली होती. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये पहिली. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्दही झाले. टिपेला विरोध करणारा आपला काका पहिला नव्हे, हे त्याला सांगितलं की त्याला बरं वाटतं.

ही पद्धत चुकीची आहे, असं माझंही मत आहे. मालकानं द्यायचा पगार गिऱ्हाइकाच्या गळ्यात का? पण त्याचा निषेध समोरच्या पोरीच्या पोटावर करू नये. जमत नसेल तर बसून जेवू नका, काउंटरवरून घ्या, घरी मुलाच्या हातचा पास्ता खा. टेबलावर बसलात, की अठरा-वीस टक्के धरूनच मेनूकार्ड वाचा. टक्के कर लावायच्या आधीच्या रकमेवर काढले तरी चालतात. सहा-आठ जण मिळून गेलात तर बिल नीट वाचा, टिप आधीच घातलेली असते. मुलगा उत्साहानं वर पुन्हा वीस टक्के टाकतो आणि वडिलांचा घास घशात अडकतो. हॉटेलची खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोजचे दोन-पाच डॉलर आणि त्याला एक 'थँक यू' लिहिलेली चिठ्ठी, नाहीतर विसरलेले पैसे समजून ती हातच लावत नाही. आणि कॉफीच्या काउंटरवर तो स्क्रीन वळवून १८, २०, २५ टक्के विचारतात, तिथं कप हातात देण्याखेरीज कुणी काही केलेलं नसतं. तिथं 'नो टिप' बिनदिक्कत दाबा. मागच्या रांगेकडं बघू नका.

युरोपात हा ताण निम्म्यानं उतरतो. फ्रान्समध्ये मेनूतल्या किमतीत सेवेचे पैसे धरलेलेच असतात. चार नाणी ठेवलीत तर ती तुमची हौस. इटलीत माणशी एक-दोन युरो 'कोपेर्तो' म्हणून बिलात येतात, ते पाव आणि टेबलाचे. ते पाहून वेटरशी भांडू नये, मेनूत ते लिहिलेलं असतं.

जर्मनीची हकिगत मला आमच्या उद्यमबागेतल्या लोकांकडून कळते. बेळगावात फौंड्र्या बऱ्याच, आणि डुसेलडॉर्फला चार वर्षांनी एकदा ओतकामाचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा इथल्या मंडळींची तिकडं ये-जा होते. त्या गावच्या जुन्या बिअरघरांत वेटर न विचारता छोटे छोटे ग्लास आणून ठेवत जातो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक-एक रेघ ओढतो. चकती उचलून ग्लासावर झाकली, की बस म्हणायचं. तेच बिल. आमचे एक फौंड्रीवाले शेठजी माळकरी. त्यांनी नुसतं पाणी मागवलं, आणि पाण्याचे पैसे बिअरच्या तोडीस तोड निघाले, याचं दुःख ते अजून सांगतात.

पैसे देण्याचीही तिथं एक तऱ्हा आहे. वेटर कमरेचं जाड काळं पाकीट उघडून टेबलाशी उभा राहतो. बिल २७ युरो ४० सेंट असलं, तर नोट देताना आपण 'तीस' म्हणायचं. तो तिसांवर हिशेब करून बाकी परत देतो. टेबलावर पैसे टाकून निघून जायची रीत नाही. आणि एक जपायचं: नोट हातात देतानाच 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हटलंत, तर उरलेले तुला ठेव असा अर्थ होतो. आपली सभ्य माणसं पन्नासची नोट देताना हमखास 'डांके' म्हणतात. आभार बाकी हातात आल्यावर माना.

जपानला निघालेल्याला मी सरळ सांगते, पाकिटातून वरचा एक येनही काढू नका. टेबलावर नाणी राहिली तर हॉटेलातली पोरगी रस्त्यापर्यंत धावत येते आणि वाकून परत देते. काम चोख करणं हे कामातच आलं, त्याचे वेगळे पैसे कसले, असा तिथला हिशेब. पण हात अगदीच शिवशिवत असतील, तर त्याच शेठजींनी काढलेली वाट चांगली आहे. ते जपानला जाताना गोकाकचं करदंट नेतात. ज्या कारखान्यात जायचं तिथल्या माणसांपुढं खोका धरायचा; दोन्ही हातांनी घेतात, आणि पुढच्या भेटीत तिकडचा खोका यांच्या हातात येतो. रोख नको, खाऊ चालतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुंद्याचा डबा घेतल्याशिवाय बेळगावचा माणूस पुण्याला तरी कुठं जातो?

आखाताचं निराळंच. दुबईत ताट पुढं ठेवणारा पोरगा बहुधा केरळचा नाहीतर नेपाळचा, कधीकधी आपल्याच भागातला निघतो. बिलात सेवाशुल्क असलं तरी ते त्याच्यापर्यंत किती पोचतं याची खात्री नसते, म्हणून पाच-दहा दिरहम रोख हातात द्यावेत. इंग्लंडनं यावर कायदाच केला: १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेतला एक पैसाही मालकाला ठेवून घेता येत नाही. तिथं बिलात साडेबारा टक्के 'ऐच्छिक' लिहून येतात. ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक, पण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तिथंच आपण हरतो. आपल्याकडंही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की हॉटेलनं सेवाशुल्क आपणहून बिलात घालू नये. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तरी हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात ती ओळ दिसली, की चारजण एकमेकांच्या तोंडाकडं बघतात आणि भरून टाकतात.

ग्रुप टूरवाल्यांनी मात्र हा सगळा घोळ आधीच मोडीत काढलाय. माणशी दिवसाला इतके युरो, ड्रायव्हरचे आणि गाइडचे, निघतानाच जमा. परत आल्यावर लोक आयफेल टॉवर कसा होता हे नंतर सांगतात. आधी सांगतात, की ड्रायव्हरनं एकदाही बस सावलीत लावली नाही, आणि टिपेचे पैसे मात्र मुंबईतच घेतले.

इकडं गावात टिप मरायला टेकली आहे. उडप्याच्या हॉटेलात पूर्वी स्टीलच्या ताटलीत बडीशेप, त्यावर बिल आणि सुटे पैसे यायचे. नोटा उचलायच्या, नाणी बडीशेपेत राहू द्यायची. वेटर ताटली तिरकी करून बडीशेप एका बाजूला घ्यायचा आणि नाणी दुसऱ्या, एका झटक्यात. आता १८७ रुपये बिल तर फोनवरून १८७ च जातात. काउंटरवरचा डबा कन्नडमधून आकडा पुकारतो आणि सगळं संपतं. सुटे नाहीत, त्यामुळं राहू द्यायला काही नाही.

परवा त्याच शेठजींबरोबर दुपारच्या खाण्याला गेले होते. अमेरिकेतल्या वीस टक्क्यांवर त्यांचं व्याख्यान चालू होतं. बिल २३० चं, ते त्यांनी भरलं. वेटर पोरगा जरा घुटमळला, आणि ऑर्डर लिहायच्या वहीचं मागचं पान त्यानं पुढं धरलं. त्यावर त्याचा स्वतःचा क्यूआर चिकटवलेला.

शेठजींनी चष्मा वर केला. "हे मालकाच्या खात्यात जात न्हाई न्हवं?"

"इल्ला सर. नंदे." नाही सर, माझंच आहे.

त्यांनी लगेच पन्नास टाकले आणि मला म्हणाले, "बघा ताई, तुमच्या त्या अमेरिकेपरीस हे बेस हाय."

पन्नास म्हणजे किती टक्के झाले, हा हिशेब मी त्यांना करून दाखवला नाही. पोरगा अजून टेबलाशीच उभा होता.