छातीचा फोटो

आमच्या मिरजेत एक्स-रेला अजूनही ‘छातीचा फोटो’ म्हणतात. ‘फोटो काढून या, मग बघू’ असं डॉक्टरांनी सांगितलं की माणूस जुने रिपोर्ट पिशवीत कोंबून निघतो, रांगेत बसतो आणि संध्याकाळी घरी येतो. त्यात घाबरण्यासारखं काही असतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. ओटावातल्या एका फ्लॅटमध्ये एक आजी त्याच गोष्टीवर गप्प झाल्या, तो गुरुवार काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी इथे क्षयरोगाचं काम बघणारी नर्स आहे. शहरातल्या व्हॅनिये भागात आणि आसपास उत्तरेकडून आलेली बरीच इनुइट कुटुंबं राहतात. इनुइट म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. कुणी शिकायला येतं, कुणी तिकडे घर मिळेना म्हणून, तर कितीतरी जण उपचारांसाठी. बॅफिन बेटावरच्या माणसाला मोठं ऑपरेशन करायचं तर विमानाने दोन हजार किलोमीटर खाली इथेच यावं लागतं. 2021 च्या जनगणनेत कॅनडात 70,545 इनुइट मोजले गेले, त्यातले दहापैकी तीन आता मूळ प्रदेशाबाहेर आहेत. क्षय मात्र त्यांची पाठ सोडत नाही. 2016 च्या आकड्यांनुसार इनुइट प्रदेशातलं क्षयाचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासी लोकांच्या जवळजवळ तीनशे पट होतं. घरांची इतकी टंचाई की दोन खोल्यांत सात-आठ माणसं झोपतात. रोगाला आणखी काय हवं?

आजींच्या घरी उत्तरेतून आलेला एक भाचा दोन महिने सोफ्यावर झोपत होता. त्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. मग घरातल्या सगळ्या सहवासितांची तपासणी आली. नात आणि तिचा नवरा यांचं काम एका दिवसात झालं. आजींचं रक्त पॉझिटिव्ह आलं, म्हणजे जंतू अंगात शिरले होते, पण खोकला नाही, ताप नाही. छातीचा फोटो स्वच्छ निघाला की आठवड्यातून एकदा गोळ्या, असे बारा आठवडे, एवढंच होतं. दोनदा वेळ दिली, दोन्ही वेळा आजी आल्या नाहीत. फायलीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘रुग्णाचा नकार’.

मी तयारीने गेले होते. इनुक्तितुत भाषेत, त्यांच्या त्रिकोण-वळणांच्या लिपीत पत्रक छापून घेतलं होतं. वर यंत्रासमोर उभ्या असलेल्या बाईचं चित्र, खाली तपासणी कशी सोपी आहे ते, आणि शेवटी ‘गरज भासल्यास रुग्णालयात दाखल केले जाईल’. ती ओळ माझीच होती. लोकांना धीर येईल असं मला वाटलं होतं.

आजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. समोर पुठ्ठा पसरलेला, त्यावर दगडासारखा गोठलेला ‘चार’ नावाचा उत्तरेतला मासा, सकाळीच कुणीतरी विमानाने आणलेला. हातात उलू होती, अर्धचंद्रासारखं पातं आणि वर मधोमध मूठ. मनगट जरासं झुकवलं की केशरी मांसाची पातळ चकती वळत वळत पुठ्ठ्यावर पडायची. माझी सहकारी, तरुण इनुइट मुलगी, बूट काढून सरळ त्यांच्याशेजारी बसली आणि खायला लागली. मी उभ्या उभ्याच पत्रक पुढे केलं.

आजींनी हात पुसून ते पूर्ण वाचलं. मग पालथं घातलं आणि एकच शब्द बोलल्या, “उमिआर्जुआक.”

“मोठं जहाज,” सहकारी मला म्हणाली. “तू बस आधी.”

मी बसले. कच्च्या माशाची चकती जिभेवर वितळेपर्यंत कुणी बोललं नाही. नंतर आजी सांगत गेल्या आणि ती हळू आवाजात मला समजावत गेली.

1950 पासून 1969 पर्यंत ‘सी. डी. हाऊ’ नावाचं सरकारी जहाज उन्हाळ्यात पूर्व आर्क्टिकच्या वस्त्यांवर फिरायचं. सगळ्यांना वर नेऊन छातीचे फोटो काढायचे. ज्याच्या फुफ्फुसात डाग दिसला त्याला पुष्कळदा जहाजावरच ठेवून घ्यायचे, निरोप घ्यायलाही किनाऱ्यावर उतरू द्यायचे नाहीत. 1956 च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या रुग्णालयात होता. कितीतरी जण परत आले नाहीत, आणि त्यांना कुठे पुरलं हे घरच्यांना कुणी कळवलं नाही.

हे मी प्रशिक्षणात वाचलं होतं. पण पुठ्ठ्यापलीकडे बसलेल्या बाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. त्या होडीतून परत आल्या, आई वर राहिली. तिसऱ्या वर्षी निरोप आला, आई गेली. बाकी काही नाही.

माझ्या ओळीतलं ‘दाखल केले जाईल’ आता मला वाचवेना.

थोड्या वेळाने आजींनीच विचारलं, “तुझ्या गावात अशा लोकांना कुठे नेत?”

मी वानलेसवाडीचं सांगितलं. मिरजेजवळचं क्षयाचं सॅनेटोरियम, मिरजेत दवाखाना काढणाऱ्या ज्या डॉक्टर वानलेसांचं नाव त्या जागेला आहे ते मूळचे इथलेच, ओंटारिओचे. माझे चुलत आजोबा तिथे होते. आमची आजी रोज डबा घेऊन जायची.

“डब्यात काय असायचं?”

“भाकरी, आमटी. कधी अंडं.”

“म्हणजे जाता येत होतं,” आजी म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्याहून जास्त बोलण्याची हिंमत झाली नाही.

पुढची वाट सहकारीने काढली. 8 मार्च 2019 ला तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी बॅफिन बेटावरच्या इकालुइत गावात या सगळ्याबद्दल माफी मागितली, तेव्हाच हरवलेल्यांच्या कबरी शोधणारं ‘नानिलावुत’ हे काम कुटुंबांसाठी खुलं झालं. ‘आपण त्यांना शोधू या’ असा त्या शब्दाचा अर्थ. आईबद्दल विचारणा करायची का, असं तिने विचारलं. नातीने फोनवर माहिती भरायला घेतली. नाव, गाव, साल. मग चकतीचा नंबर.

1940 च्या दशकापासून सरकारने इनुइटांना नावाऐवजी नंबर दिले होते. गळ्यात किंवा कोटाला बांधायची नाण्याएवढी चकती, त्यावर पूर्वेकडच्यांसाठी ‘ई’ अक्षर आणि पुढे आकडे. दवाखान्याच्या कागदांतही पुष्कळदा तोच नंबर. आजींनी डोळे मिटले आणि आईचा नंबर एका दमात म्हटला, पाढा म्हणावा तसा. नातीने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिने पुन्हा म्हणायला लावला, पुन्हा एकदा, आणि लिहिला.

त्यानंतर आजींनी त्यांच्या अटी सांगितल्या. फोटो आजच. नात दाराशी उभी राहणार. फोटो आधी आपण स्वतः बघणार. आणि रात्रीचं जेवण याच पुठ्ठ्यावर.

मी तिथूनच फोन करून सगळं ठरवलं. तंत्रज्ञाने पडदा त्यांच्याकडे वळवला. आजी बराच वेळ बघत राहिल्या. “पुवाक,” त्या म्हणाल्या. फुफ्फुसं. स्वच्छ होती. साडेपाचला आम्ही त्यांना घरी सोडलं.

पत्रक आम्ही रद्दीत घातलं. नवं लिहायला चार आज्या बसल्या, मी चहा केला. यंत्राचं चित्र त्यांनी काढून टाकायला लावलं. आता सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत आहे, ‘फोटो काढून तुम्ही त्याच दिवशी घरी जाल. सोबत हवं त्याला आणा.’ क्षय हा शब्द चौथ्या ओळीत येतो. अक्षरं ठळक हवीत, हेही त्यांनीच सांगितलं.

आजींनी बाराही गुरुवार गोळ्या घेतल्या, खाऊन झाल्यावर. तिसऱ्या गुरुवारपासून मी डबा न्यायला लागले. भाकरी त्यांना कोरडी वाटली, पिठलं आवडलं.

विचारणेचं उत्तर अजून आलेलं नाही. दर वेळी दार उघडल्याबरोबर नात आधी मान हलवते, नाही म्हणून, आणि मग मला आत घेते.