सभागृह आणि बाहेरगावचे सभासद : वाचनालयाचा दूरस्थ कार्यक्रम उभा करताना

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी गेली काही वर्षे काम करते. आमच्या जुन्या सभासदांपैकी बरेच जण नोकरीनिमित्त मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार या भागांत स्थिरावले आहेत; शिमग्याला किंवा गणपतीला गावी आले की ते वाचनालयात आवर्जून डोकावतात, देणगीही देतात, परंतु वर्षभरातील व्याख्याने आणि काव्यवाचने त्यांना केवळ व्हॉट्सॲपवरील छायाचित्रांतूनच कळतात. सभागृहातील कार्यक्रम त्यांच्यापर्यंत त्याच वेळी इंटरनेटवरून पोहोचवावा आणि त्यांनाही त्यात बोलता यावे, असा ठराव मी मंडळाच्या सभेत मांडला. ठरावाचा दुसरा भाग माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता, कारण ज्याला केवळ पाहता येते तो प्रेक्षक असतो आणि ज्याला बोलता येते तो सभासद असतो.

ज्येष्ठ सभासदांनी घेतलेली हरकत गंभीर होती. कार्यक्रम घरबसल्या दिसू लागला तर गावातली माणसे सभागृहात येणे सोडतील, अशी त्यांना भीती होती. 2020 च्या टाळेबंदीत ठिकठिकाणच्या संस्थांनी केवळ पडद्यावरचे कार्यक्रम केले, पण ती त्या काळाची गरज होती आणि आज ती रीत जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही, हे मलाही मान्य होते. म्हणून कार्यक्रम सभागृहातच होईल, गावातल्या लोकांना दुवा पाठवला जाणार नाही, तो केवळ बाहेरगावी असलेल्यांना, आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना आणि दूरच्या वाड्यांतील सभासदांना मिळेल, असे ठरले. या अटीवर ठराव एकमताने संमत झाला.

विषय निवडताना लेखनहक्काचा प्रश्न आधी सोडवावा लागला. प्रथम आरती प्रभूंच्या कवितांचे नाव पुढे आले आणि ते सर्वांना मनापासून आवडलेही होते. परंतु 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क वारसांकडे राहतात. आरती प्रभूंचे निधन 1976 साली झाले, त्यामुळे त्यांच्या कवितांचे हक्क 2036 अखेरपर्यंत कायम आहेत. सभागृहात एखादा उतारा वाचणे निराळे आणि संपूर्ण कविता ध्वनिचित्रमुद्रित करून इंटरनेटवर कायमच्या ठेवणे निराळे. त्यासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. ती मिळवण्याइतका अवधी हाती नव्हता. केशवसुतांचे निधन 7 नोव्हेंबर 1905 रोजी झाले, म्हणजे त्यांची कविता केव्हाच सर्वांसाठी खुली झालेली आहे. शिवाय मालगुंड हे त्यांचे जन्मगाव आमच्याच जिल्ह्यातले. विषय असा ठरला. कविता मुक्त असली तरी तिला एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल आणि आधुनिक आवृत्तीला जोडलेली संपादकाची प्रस्तावना यांचे हक्क स्वतंत्र असतात, याकडे मी इतर वाचनालयांचे विशेष लक्ष वेधू इच्छिते. आम्ही चाली गावातल्या संगीतशिक्षकांकडून नव्याने बांधून घेतल्या आणि प्रस्तावनेतील मजकूर वापरला नाही.

दिवसाचा विचारही कोकणच्या ऋतुमानाला धरून करावा लागतो. आषाढ-श्रावणात सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस पडू लागला की समोरच्याचेही शब्द ऐकू येत नाहीत, मग ते मुंबईपर्यंत कसे पोहोचावेत? विजेचाही त्या दिवसांत भरवसा नसतो. ऑक्टोबरात भातकापणी असते. त्यामुळे केशवसुतांच्या स्मृतिदिनाच्या लगतचा रविवार आणि सायंकाळची वेळ सर्वांना सोयीची ठरली. मुंबईकरांना आठवड्यातील इतर दिवशी लोकलच्या प्रवासातून घरी पोहोचायलाच उशीर होतो.

माध्यम निवडणे त्या मानाने सोपे गेले. झूमच्या विनामूल्य सेवेत बैठक 40 मिनिटांनी बंद होते, गूगल मीटवर तिघे किंवा अधिक जण असतील तर 60 मिनिटांची मर्यादा येते, आणि आमचा कार्यक्रम दोन तासांचा होता. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाला वेळेचे असे बंधन नाही, पण वाहिनीवर ती सोय प्रथम सुरू करून घेताना 24 तासांपर्यंत वाट पाहावी लागते आणि मोबाइलवरून प्रक्षेपण करायचे तर वाहिनीला किमान 50 वर्गणीदार लागतात. त्यातही यूट्यूबवर आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून तेथे संवाद साधता येत नाही. बोलू इच्छिणाऱ्यांसाठी झूम आणि केवळ ऐकणाऱ्यांसाठी यूट्यूब अशी विभागणी आम्ही केली. झूमचे एका महिन्याचे शुल्क एका माजी विद्यार्थ्याने आनंदाने भरले. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या, ‘अ’पासून ‘ड’पर्यंतच्या वर्गांत विभागलेल्या आमच्यासारख्या वाचनालयांना असा खर्च नियमित करणे अवघड असते, त्यामुळे हा तपशील येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

सर्वाधिक वेळ आवाजावर गेला आणि तो तसा जायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. चित्र अस्पष्ट असले तरी श्रोता थांबतो, आवाज तुटू लागला की तो निघून जातो. सभागृहातील ध्वनिक्षेपकाचा आवाज लॅपटॉपच्या अंगच्या माइकने टिपला की तो विहिरीतून आल्यासारखा घुमतो. म्हणून माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून निघणारी वायर एका लहान ऑडिओ इंटरफेसमार्फत, म्हणजे तो आवाज संगणकाला समजेल अशा रूपात देणाऱ्या उपकरणामार्फत, थेट लॅपटॉपला जोडावी लागते. मुंबईहून येणारा आवाज स्पीकरवर लावायचा असेल तर तोच आवाज मिक्सरमधून परत पाठवला जाणार नाही, याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते, अन्यथा पलीकडच्या माणसाला स्वतःचेच शब्द पुन्हा ऐकू येतात आणि तो बोलताना अडखळतो. सभागृहात दुसऱ्या कोणाचा मोबाइल त्याच बैठकीत सुरू असेल तर शिट्टी वाजू लागते. दारातच ही सूचना लावलेली बरी. आणखी एक गोष्ट सरावात लक्षात आली. संगीतशिक्षक पेटीवर सूर धरत, तेव्हा सभागृहात तो स्वच्छ ऐकू येई आणि पलीकडे मात्र मधूनमधून नाहीसा होई. झूम पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप गाळते आणि पेटीचा सलग सूर तिला गोंगाटच वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय निवडल्यावर पेटी पुन्हा पूर्ण ऐकू येऊ लागली. डोंबिवलीहून सरावात सामील झालेली माझी माजी विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, आता शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाटतंय.” तोवर इंटरनेट जोडणीचा डाउनलोडचा वेगच सर्वजण तपासत होते, प्रत्यक्षात आमच्याकडून चित्र बाहेर जायचे होते, म्हणून अपलोडचा वेग पाहायला हवा, हेही याच सरावात सर्वांच्या ध्यानात आले.

दूरच्या वाड्यांचा प्रश्न तंत्राने पूर्णपणे सुटला नाही. काही वाड्या खाडीकाठच्या खोलगटात आहेत आणि तेथील माणसांना मोबाइलची रेंज मिळवण्यासाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढून जावे लागते. वयस्कर सभासदांना सायंकाळी सड्यावर बसवून कविता ऐकवणे योग्य नव्हे. अशा ठिकाणच्या लहान वाचनालयांना आणि शाळांना आम्ही नंतर पेन ड्राइव्हवर कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण पोहोचवले, सोबत वाचलेल्या कविता मोठ्या अक्षरांत छापून दिल्या. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी कार्यक्रमातही प्रत्येक कविता पडद्यावर दाखवली जात होती. तो मजकूर नववी-दहावीच्या मुलांनी वाचनालयातील जुन्या प्रतीवरून यूनिकोडमध्ये टंकलेखित केला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरले होते, याचा मला प्रथम आनंद झाला. मध्येच वीज गेली, परंतु राउटर, लॅपटॉप आणि मिक्सर इन्व्हर्टरवर ठेवलेले असल्याने प्रक्षेपणात खंड पडला नाही. दिवे तेवढे गेले आणि वाचन सुरूच राहिले. सभागृहातील दोन वाचकांनंतर बाहेरगावचा एक वाचक, असा क्रम आधीच लावलेला होता आणि तो कटाक्षाने पाळला. बाहेरगावच्या माणसांना शेवटी वेळ उरला तर बोलू देण्याची पद्धत मला अन्यायकारक वाटते. विरारहून एका निवृत्त गृहस्थांनी कविता वाचली, तेव्हा पहिल्या रांगेतील त्यांचे वर्गमित्र उभे राहून पडद्याकडे पाहत म्हणाले, “अरे, तुझा आवाज अजून तसाच आहे.” त्या दोघांचे बोलणे मी थांबवले नाही, पुढच्या वाचकाला थोडा वेळ थांबावे लागले तरीही.

ध्वनिचित्रमुद्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक वाचकाची आणि मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घेतली. ज्यांनी ती दिली नाही त्यांचा भाग वगळला. ध्वनिचित्रमुद्रणाच्या प्रती वाचनालयाबाहेर दोन निराळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणला आलेल्या महापुरानंतर आपला संग्रह एकाच इमारतीत ठेवण्याची हिंमत या किनारपट्टीवरील कोणत्याही वाचनालयाने करू नये.

आता उरलेले काम नियमांचे आहे. बाहेरगावच्या सभासदांना कार्यक्रमात बोलता येते, पण आमच्या घटनेत त्यांच्यासाठी स्वतंत्र सभासदवर्ग नाही. अल्प वर्गणीचा असा वर्ग निर्माण करण्याची दुरुस्ती मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवणार आहे. ती संमत झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदलाची नोंद करून घ्यावी लागेल. त्या अर्जाचा मसुदा ग्रंथपालांनी तयार करायला घेतला आहे.