सात किलोचं बोचकं

डोक्यावर ओझं घ्यायचं तर आधी चुंबळ लागते. जुन्या लुगड्याला पीळ घालून केलेलं ते वेटोळं टाळूवर नीट बसलं, की कापसाची गठुडी घेऊन बाई धुऱ्यावरून सरळ चालते, मान हलत नाही. सॅकमध्येही तीच युक्ती आहे, फक्त चुंबळ डोक्यावरून कमरेवर उतरली आहे. कमरेशी जो गादीचा रुंद पट्टा असतो, तो शोभेचा नाही. बहुतेक वजन त्यानं पेलायचं असतं, खांद्यांनी फक्त सॅक पाठीशी धरून ठेवायची.

एकटीनं पहिल्यांदा परदेशी निघालेल्या पोरीला गावात सगळे व्हिसाचं विचारतात, विमानाचं विचारतात, "भीती नाही वाटत का वं?" हेही विचारतात. सॅकचं कोणी विचारत नाही. आणि तिथं गेल्यावर दिवसातून दहादा गाठ पडते ती तिच्याशीच.

घेताना सॅक किती लिटरची, म्हणजे आत किती मावतं, ते पाहतात, पाठीचं माप कोणी घेत नाही. मान खाली घातली की मागे जे हाड टोचल्यासारखं वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत शिंप्याचा टेप लावायचा. पंधरा ते अठरा इंच भरतं बहुतेकींचं. उंच माणसासाठी बनवलेली सॅक घेतली तर पट्टा कमरेवर न बसता मांड्यांवर लोंबतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो.

घालायचाही क्रम आहे. आधी सगळे पट्टे सैल. मग कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर ठेवून आवळायचा, मग खांद्याचे, मग खांद्याच्या वर असतात त्या दोन छोट्या दोऱ्या, शेवटी छातीचा. खांद्यापासून सुरुवात केली की पट्टा पोटावर चढतो आणि अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध ठेवायच्या. बाहेरच्या कप्प्यात ठेवलं तर ओझं मागे ओढतं, पोरगी पुढे वाकते, आणि संध्याकाळी कंबर धरते.

चाळीस लिटर पुरते. साठ लिटरची घेऊ नये, कारण रिकामी जागा घरच्यांना बघवत नाही.

आता वजन. स्वस्त तिकिटावर बऱ्याचदा हातातलं सात किलोच सामान चालतं. कापूस मोजायचा काटा कास्तकाराच्या घरी असतोच, त्यालाच सॅक अडकवून पाहतात. पण शंभर किलोच्या तबकडीवर अर्ध्या किलोचा फरक काट्याच्या जाडीतच जिरतो. घरी सात, विमानतळावर साडेसात, आणि वरच्या अर्ध्या किलोचे पैसे असे की त्यात नवी सॅक यावी. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बरा. रिकामी सॅकच दीड किलोची असते, म्हणजे हाताशी राहतात साडेपाच.

या साडेपाचात सगळ्यात मोठी चोर जीन्स. सहाशे-सातशे ग्रॅम खाते आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. व्हिएतनामचं उदाहरण घ्या, फेब्रुवारीत हनोईला हवा थंड, दमट, बारीक झिमझिम. आपल्याकडच्या उन्हात तासाभरात कडक होणारा कुर्ता तिथं तिसऱ्या दिवशीही गारच लागतो. पातळ कपड्यांचे तीन जोड, धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळायचा आणि टांगायचा, बस. दुपट्टा मात्र नेलाच पाहिजे. उन्हात तोंडाला बांधायला आपण वापरतो तोच. मंदिरात खांदे झाकतो, बसमध्ये उशी होतो. हॉस्टेलात खालचा पलंग मिळाला तर वरच्या गादीखाली त्याची कड खोचली की पडदा तयार. दीडशे ग्रॅमचं कापड इतकं काम करत असेल तर त्याला पगार द्यायला हवा.

कुलूपही नेतात, पण घरचं नवताल. हॉस्टेलच्या लॉकरची कडी बारीक, त्यात ती जाड दांडी शिरत नाही. चार-पाच मिलिमीटर दांडीचं नंबरवालं छोटं कुलूप घ्यावं. पॅड घरूनच न्यावेत, सवयीचे तिथं मिळतीलच असं नाही, आणि ते वजनाला काहीच नसतात. पॉवर बँक हातातच, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, वीस हजार एमएएचची साधारण ७४ भरते.

कागदांचं वजन नसतं, पण खरी अडचण तिथंच. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, उरलेली दोन नावं एकत्र. तिकीट काढताना वडिलांचं नाव गाळलं किंवा उलटसुलट लिहिलं, की काउंटरवरची बाई दोन्ही कागद आलटून पालटून पाहत बसते. व्हिएतनामचा ई-व्हिसा पासपोर्टवर आहे तस्साच भरावा, एक अक्षर इकडंतिकडं नको. एका प्रवेशाचे २५ डॉलर, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. वेबपत्त्याच्या शेवटी gov.vn ही सरकारी खूण नसलेल्या हुबेहूब साइट्स बऱ्याच आहेत, त्या जास्तीचे पैसे घेतात. आणि बँकेचं कार्ड परदेशात वापरायला आधी ॲपमधून चालू करावं लागतं. २०२० पासून नवीन कार्डांवर ती सोय बंदच ठेवून देतात. सिमवर रोमिंगही घरूनच चालू करावं, नाहीतर ओटीपी येत नाही.

तिथल्या पैशांत, म्हणजे डोंगमध्ये, शून्यं फार. वीस हजार डोंगची नोट निळसर आणि पाच लाखांचीही निळसर. रात्री रिक्षावाल्याला घाईत दुसरी दिली तर भाडं पंचवीसपट. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात असाव्यात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचं, तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. ही सवय पहिल्या दिवशी लागत नाही, दोन दिवस कोणाच्या तरी मागेमागे ओलांडावं.

शाकाहारी असेल तर एक शब्द पाठ करावा, चाय. आपल्याला चहा आठवतो, तिथं त्याचा अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक असंच जेवतात, त्या दिवशी सोय सोपी. एरवी हिरव्या भाजीतही नुओक माम म्हणजे मासळीचं पाणी पडतं, आणि ते दिसत नाही.

म्हणून घरच्या खाण्याचा विषय निघतोच. "इतल्यानं काय होते माय तुले, ठेचा नेजो." ठेचा आणि लोणचं हातातल्या सामानात जात नाही, तिखटाची पुडीही नाही. सुकं खोबरं तर कुठल्याच सामानात नको. त्यातल्या तेलामुळे ते साठ्यात आपोआप तापू शकतं, विमानवाले त्याला ज्वालाग्राही मालात धरतात. आजीला हे पटवायला अर्धा दिवस लागतो. चालतात त्या दशम्या. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवायची, थोडा गूळ, तेल लावून मंद तव्यावर भाजायच्या, पूर्ण गार झाल्यावरच बांधायच्या. गरम बांधल्या की वाफ धरतात आणि दुसऱ्याच दिवशी बुरशी. नीट केल्या तर तीन दिवस टिकतात. सोबत फुटाणे, भाजलेले दाणे. उतरल्यावर काही उरलंच, तर त्या देशाचे सामानाचे नियम पाहून घ्यावेत.

वेळेचाही हिशेब सांगून ठेवावा. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे. रात्री नऊला जेवणं आटपून माय फोन करते, तेव्हा तिकडे साडेदहा झालेले असतात आणि खोलीत सगळ्या झोपलेल्या. त्यापेक्षा संध्याकाळी सात बरे.

निघायच्या आदल्या दिवशी भरलेली सॅक घेऊन गावापासून फाट्यापर्यंत जाऊन यावं, चार किलोमीटर, शक्यतो दुपारच्या उन्हात. कुठं टोचतं, कुठला पट्टा सरकतो, ते दुसऱ्या किलोमीटरला कळतं. परत आल्यावर उमजतं की दोन वस्तू अशा आहेत ज्या वाटेत एकदाही आठवल्या नाहीत. त्या काढाव्यात. किराणा दुकानात पुन्हा वजन करावं. सहा किलो सातशे भरलं, तर उरलेल्या तीनशेत सात-आठ दशम्या बसतात.