जबडा जुळला, पण दात बसले का?

मोडलेल्या जबड्याचा एक्स-रे कितीही सरळ दिसू दे, निकाल दातच देतात. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे बसले नाहीत तर ऑपरेशन फसलं म्हणायचं. त्यासाठीच भुलीची नळी नाकातून घालतात. तोंडातून घातली तर दात मिटून तपासणार कसे? आधी आर्च बार (दातांच्या रांगेला लावायच्या आकड्यांच्या धातूच्या पट्ट्या) 26 गेजच्या तारेनं दातांना बांधायचे, वरचे-खालचे दात नेहमीसारखे मिटवून दोन्ही जबडे तारेनं एकमेकांना आवळायचे, मग हाड जोडणाऱ्या धातूच्या प्लेटला हात लावायचा. प्लेट लागली की आवळलेल्या तारा सोडून जबडा हातानं उघड-मीट करून बघायचा. ही शेवटची तपासणी घाईत टाळली जाते, आणि सांधा खोबणीतून सरकला असेल तर ते दुसऱ्या दिवशी वॉर्डात कळतं.

वर्धा रोडवर हेल्मेट न घालता गाडीवरून हनुवटीवर पडलेला माणूस आला की हनुवटीला टाके घालून लगेच मोकळं करू नये. तो मार दोन्ही बाजूंना कानापुढच्या जबड्याच्या सांध्याच्या मानेपर्यंत, म्हणजे सांध्याच्या गोळ्याखालच्या हाडाच्या बारीक भागापर्यंत, पोचतो आणि हाड तिथं मोडतं. पुढचे दात मिटत नसतील, फक्त दाढाच टेकत असतील, तर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि शक्यतो सीटी स्कॅन काढाच.

हनुवटीजवळचं फ्रॅक्चर तोंडाच्या आतूनच उघडतात. छेद हिरडीला लागून नको, ओठाच्या बाजूला 5 ते 10 मिलिमीटर सोडून घ्यायचा, म्हणजे टाक्यांना मांस उरतं. दाढांच्या अलीकडे ओठाला संवेदना देणारी मेंटल नस बाहेर येते, ती आधी शोधून बाजूला घ्यायची. इथं 2 मिलिमीटर जाडीच्या स्क्रूच्या दोन मिनीप्लेट लागतात, एक दातांच्या मुळांखाली, दुसरी खालच्या कडेला, कारण या भागात हाडाला पीळ पडतो. प्लेट हाडाच्या वळणाला किंचित जास्त वाकवायची. ती सपाट राहिली आणि स्क्रू आवळले, तर पुढून फट बंद दिसते पण जिभेच्या बाजूनं उघडते आणि जबडा मागे रुंद होतो. म्हणून आवळताना सहायकानं जबड्याचे मागचे दोन्ही कोन आत दाबून धरावेत. हनुवटीचा स्नायू थराथरानं शिवला नाही तर हनुवटी ओघळते.

सगळ्यात त्रासदायक जागा म्हणजे अक्कलदाढेमागचा कोन. दाढेच्या बाहेरून जाणाऱ्या हाडाच्या तिरक्या कडेवर एकच प्लेट बहुधा पुरते, पण पू होणं, स्क्रू सुटणं इथंच जास्त. ड्रिल चालताना सलाइनची धार अखंड हवी. हाड तापलं की मरतं, स्क्रू ढिला होतो, मग पू येतो. फ्रॅक्चरच्या रेषेतली दाढ किडलेली, हलती किंवा हाड जुळू न देणारी असेल तर काढायची, नाहीतर ठेवायची.

सांध्याच्या मानेसाठी बाहेरून छेद घ्यावा लागतो. जबड्याच्या खालून जायचं असेल तर कडेपासून दीड ते दोन सेंटिमीटर खाली, म्हणजे ओठ खाली ओढणारी चेहऱ्याच्या नसेची फांदी वाचते. जबड्यामागून गेलं तर जागा जवळ मिळते, पण लाळग्रंथीतून वाट काढताना तिचं आवरण घट्ट शिवलं नाही तर जखमेतून लाळ झिरपते. नस ताणून ओठ वाकडा झालेला बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतो. कापली गेली तर वेगळं.

आपल्या विदर्भात खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) हा स्वतंत्र विषय आहे. वर्षानुवर्षं खाणाऱ्याचं तोंड आधीच 35 मिलिमीटरहून कमी उघडतं. हे मोजून ऑपरेशनपूर्वी केसपेपरवर लिहायलाच हवं, नाहीतर नंतर दोष प्लेटला. तोंड न उघडल्यानं भुलीची नळी दुर्बिणीनं बघत घालावी लागू शकते. आणि टाक्यांवर खर्रा दाबला की जखम उकललीच समजा. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात रुग्णाचे खिसे तपासणं मला तर औषधापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दात तारेनं बांधलेल्याच्या उशाशी तार कापायचा कटर हवा; उलटी झाली तर श्वास अडकतो. वरणाचं पाणी, आंबील, ताक चालतं. प्लेट असली तरी चार ते सहा आठवडे मऊच खायचं, ज्वारीची भाकर नंतर.

लहान मुलाचा मोडलेला सांधा शक्यतो ऑपरेशननं उघडायचा नाही. जबडा फार तर 7 ते 10 दिवस बांधायचा, लगेच तोंड उघडायचे व्यायाम सुरू करायचे. जास्त दिवस बांधून ठेवलं तर सांधा हाडानं जखडू शकतो आणि वाढत्या वयात हनुवटी मोडलेल्या बाजूला वळते. म्हणून वाढ थांबेपर्यंत मुलाला दर वर्षी दाखवत राहायचं.